दोन नांग्या

मानवत,
१४ जुलै २०२४

आदरणीय आत्यांना, सुकेशनीचा सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे बरे आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? मनिषाताई पुढच्या रविवारी माहेरी, तुमच्याकडे बोरीला येणार असं कळलं, म्हणून हे पत्र. त्याच वाचून दाखवतील. फोन तीनदा लावला होता. तुम्ही "कोण बोलायलंय?" म्हणालात की मी फोन ठेवून द्यायचे.

तसं लिहायला कारण काही नाही. परवा बाजारात एक बाई टोपलीत खेकडे घेऊन बसली होती. मला त्या प्राण्याची किती किळस, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. लग्नानंतर तुमच्या घरात पहिल्यांदा एक खेकडा पाटीतून सुटला, तेव्हा मी खाटेवर चढून बसले होते आणि धम्मदीप हसून हसून लोळले होते. तुम्ही म्हणालात, "खेकड्याकडं बघू नको, रश्शाकडं बघ. डोळं झाक अन् पी, लय ताकद हाय त्यात."

तरी मी चार घेतले. इथल्या सासूबाईंनी नाकाला पदर लावला. ह्यांनी मात्र पाटा अंगणात आणून दिला. तुम्ही करायच्या तसंच केलं: बारीक पाय वाटले, फडक्यातून रस गाळला, येसराचा मसाला लावून उकळी आणली. भाकरी कुस्करून भिंतीकडे तोंड करून खाल्लं. तीन वाट्या प्यायले, आत्या. तुमच्या हाताची चव काही आली नाही, तरी सोडवेना.

डोळ्यांना पाणी आलं. हे म्हणाले, तिखट झालं असेल. मी हो म्हणाले.

आता जे लिहायचं होतं ते लिहिते. सगळ्यात मोठ्या खेकड्याच्या दोन नांग्या तुम्ही नेहमी लेकाच्या ताटात वाढायच्या. धम्मदीप गेल्यानंतरच्या आषाढात त्या तुम्ही माझ्या ताटात वाढल्या. मी ताट सरकवलं आणि म्हणाले, "मला किळस येते." त्यानंतर त्या घरात खेकडा शिजला नाही. पुढे माझं दुसरं लग्न ठरलं, तेव्हा "जा बाई, माझी आडकाठी न्हाई" एवढंच म्हणालात. तुम्हाला वाटलं असेल, हिचं मन तेव्हाच ह्या घरातून उठलं होतं.

मला किळस आली नव्हती. ती त्यांची वाटणी होती. मी खाल्ली असती तर ते आता परत येणार नाहीत, हे मला कबूल करावं लागलं असतं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. तुमचा तर पोटचा गेला होता, आणि तरी तुम्ही त्याचा घास मला दिलात.

परवाही दोन नांग्या काढून ठेवल्या. कुणाला वाढाव्यात ते कळेना. हे म्हणाले, "एवढी आठवण येते तर जाऊन ये की." दोन वर्षं झाली तुम्हाला पाहून. मला रोज तुमची आठवण येते.

मी येऊ का? रस्सा तुम्हीच करा. ह्या वेळी नांग्या माझ्या ताटात वाढा. मी खाईन, तुमच्याकडे बघत खाईन.

मनिषाताई, खाली 'तुमची'च्या पुढे एक शब्द लिहून मी खोडला आहे. तो 'सून' आहे. खोडलेला असला तरी आत्यांना वाचून दाखवा.

तुमची
सुकेशनी