शिवणाच्या टेबलावरचा रेडिओ

१ फेब्रुवारी, रविवार

माझं शिवणाचं टेबल गेलं. विचारलं नाही, सांगितलं नाही — सकाळी बघते तर मशीन जमिनीवर आणि त्याच्या जागी सूनबाईचा जुना लॅपटॉप कॉम्प्युटर. शेजारी ह्यांचा रेडिओ. ऑपरेशननंतर ह्यांनीच तो कपाटावर ठेवून वर चादर टाकली होती. म्हणाली, "आई, अँटेनाची तार ह्याच खिडकीतून येते ना." मी म्हटलं, मग तारेलाच सांग, माझे उसवलेले परकर शिवून दे म्हणावं. हसली. लिफ्ट दुरुस्त करणारी बाई ती, दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यात उभी असते. माझ्या बोलण्याला काय भीक घालणार!

२ फेब्रुवारी

रागाच्या भरात मूळ गोष्ट लिहायची राहिली. ह्यांच्या गळ्यातली गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजही गेला. कायमचा. सगळा जन्म टेलिफोन खात्यात काढला, आणि घरी आले की हा रेडिओ. समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसांशी तास तास गप्पा. त्याचं सरकारी लायसन्स भिंतीवर फ्रेममध्ये आहे. लग्नाचा फोटो डब्यात आहे.

आता लिहायला पाटी पुढे केली की हे भिंतीकडे तोंड करतात. डॉक्टर विचारतात ते मला, न्हावी विचारतो तो मला — केस किती कापू? मी सांगते. कुणीतरी सांगायला हवं ना.

सूनबाईचं म्हणणं, रेडिओवर बोलायला आवाजच लागतो असं नाही. कॉम्प्युटरवर टाइप करायचं, तो त्याचे सूर करतो, रेडिओ ते सूर पाठवतो, पलीकडचा कॉम्प्युटर त्यांची पुन्हा अक्षरं करतो. लायसन्स तिच्याकडेही आहे. पूर्वी ती असं टाइप करायची तेव्हा हे स्वतःच म्हणायचे, "ह्याला काय बोलणं म्हणतात? दोन डबे एकमेकांना शिट्या मारतायत." आता कोणत्या तोंडाने बसणार तिच्याशेजारी?

४ फेब्रुवारी

हे बसले. लांब, खुर्ची तिरकी करून, पाहुण्यासारखे. पण बसले.

पडदा मात्र बघण्यासारखा. निळं पाणी वरून खाली सरकत असतं, धबधबाच म्हणतात त्याला. त्यात पिवळ्या रेघा. एकेक रेघ म्हणजे कुठला तरी माणूस, स्वतःच्या घरात बसून हाक मारतोय. मी गवार मोडायला घेतली होती, तशीच राहिली.

पण रेघा नुसत्याच पडत होत्या. अक्षर एक उमटेना. सूनबाईने सगळ्या वायरी काढून पुन्हा घातल्या.

५ फेब्रुवारी

आजही नाही. हे उठून गेले, जाताना रेडिओवर पुन्हा चादर. सूनबाईने चादर घडी करून ठेवली.

६ फेब्रुवारी

सापडलं! ह्या प्रकारात म्हणे सगळं घड्याळावर चालतं. जगभरचे लोक ठरल्या सेकंदाला बोलायला लागतात, ठरल्या सेकंदाला गप्प होतात आणि दुसऱ्याचं ऐकतात. (आमच्या घरात हे जमेल तो दिवस सोन्याचा.) घड्याळ दोन-चार सेकंद जरी चुकलं, तरी रेघा दिसतात पण वाचता येत नाहीत.

सूनबाईने विचारलं, "कॉम्प्युटरच्या घड्याळाला कुणी हात लावला का?"

मी म्हटलं, "हे तर लावणार नाहीत. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही."

तेवढ्यात टेबलावर टकटक. हे. बोट स्वतःच्या छातीवर, मग मनगटावरच्या घड्याळावर. रविवारी घरातली सगळी घड्याळं आपल्या मनगटाशी जुळवायची हा ह्यांचा नेम. कॉम्प्युटर आला तो रविवार. तो बिचारा बरोबर होता, ह्यांनी त्याला 'सुधारला'.

म्हणजे मी ह्यांच्या वतीने उत्तर दिलं आणि ते साफ खोटं निघालं. सूनबाई ओठ दाबून पडद्याकडे बघत राहिली. बघू दे.

वेळ नीट लावली आणि ओळी भराभर उमटल्या. मग ह्यांनी हातातलं घड्याळ काढलं आणि कॉम्प्युटरशी जुळवलं. लग्नापासून ते घड्याळ कुणापुढे वाकलेलं मी पाहिलं नव्हतं. मीही कितीदा सांगून पाहिलं होतं.

९ फेब्रुवारी

हेडफोन कानाला लावून पाहिला. नुसती खरखर, कढईत मोहरी तडतडावी तशी. ह्यांनी लावला, त्यांनीही मान हलवली — काही नाही. आणि त्याच वेळी पडद्यावर ओळ! समुद्रापलीकडचा कुणी, दिव्याच्या बल्बाएवढ्या ताकदीवर बोलत होता. माणसाच्या कानाला जे नाहीच, ते हे सॉफ्टवेअर गोंगाटाखालून उचलून आणतं. मी भल्याभल्यांना नावं ठेवली, ह्याला ठेवायला जागा सापडेना.

"किती पैसे पडले ह्याचे?"

"फुकट आहे, आई. हुशार माणसांनी लिहिलं आणि वाटून टाकलं."

मी पुन्हा विचारलं. तेच उत्तर.

ह्यांना मात्र समाधान नाही. तिकडून येतं काय — आपली खूण, आपली जागा, तुमचा आवाज इतका पोचला, नमस्कार. संपलं. ह्यांनी हवेत पावती फाडल्याची खूण केली. खरं आहे. पण दुकान उघडलं हे काय कमी?

१२ फेब्रुवारी

ह्यांना तपासणीला नेलं. मानेत सुई घालून काहीतरी काढलं. डॉक्टरने मला विचारलं, दुखतं का? मी म्हटलं, नाही. नेहमीसारखंच.

१५ फेब्रुवारी

सूनबाईने आज दुसरं सॉफ्टवेअर लावलं. ह्यात मनात येईल ते टाइप करायचं, आणि ते पलीकडे एकेक अक्षराने उमटतं. तिकडचा माणूस अडखळला, चुकून मागे आला, तर तेही दिसतं. बोलण्याची इतकी जवळची नक्कल मी पाहिली नाही.

समोर ह्यांचा जुना दोस्त. पूर्वी दीपगृह सांभाळायचा, आम्ही त्याला दिवेवाला म्हणतो. कधी भेट नाही, पण तीस वर्षांची गट्टी. वेळ सूनबाईनेच ठरवून ठेवली होती, कुणाला पत्ता नाही. पक्की आहे.

परक्या लिपीतली अक्षरं मला लागत नाहीत. सूनबाई वाचून सांगत होती. दिवेवाला: "इतके महिने कुठे मेला होतास?" ह्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग एकेक अक्षर. सूनबाईने वाचलं, "गळा कापला. आवाज गेला. लाज वाटत होती."

मला हे माहीत नव्हतं. लाज. मी समजत होते हट्ट.

दिवेवाला: "तुझा आवाज तसाही बेसूर होता. पुढे बोल."

हे हसले. आवाज नाही, पण खांदे हलले. मग इतके टाइप करत सुटले की सूनबाईला वाचायला दम पुरेना. एका ओळीला मात्र ती थांबली.

"वाच," मी म्हटलं.

"राहू दे ना, आई."

"वाच म्हणते ना."

"'बायको माझ्या वतीने बोलते. निम्मं चुकतं.'"

१६ फेब्रुवारी

सकाळी ह्यांना त्याच टेबलापाशी बसवलं, सूनबाईला आपली लिपी लावायला सांगितली. म्हटलं, कुठलं निम्मं ते सांगा.

ह्यांनी लिहिलं ते तसंच उतरवते: चहात साखर मी सोडली नाही, तू सोडवलीस. केस इतके बारीक नको. सुई टोचली तेव्हा दुखलं होतं.

चहात दोन चमचे घातले. बाकीचं अजून गिळते आहे.

२१ फेब्रुवारी

रोज दिवेवाला. त्याच्याबरोबर आणखी तिघे जमतात. शेजारची बाई विचारायला आली, "आजोबांना बरं आहे का?" मी तोंड उघडलं आणि मिटलं. आत बोट दाखवलं. तिचीच पंचाईत झाली.

परकर अजून उसवलेलेच आहेत.

२५ फेब्रुवारी

डॉक्टरचा फोन. गाठ परत आली आहे. कापली तरी धोका, न कापली तरी धोका. "आजी, आजोबांची काय इच्छा असेल?"

उत्तर ओठांवर आलं होतं. म्हटलं, त्यांचे कान शाबूत आहेत, बोटं शाबूत आहेत. उद्या त्यांना घेऊन येते, जे आहे ते सगळं त्यांच्या तोंडावर सांगा. सूनबाईलाही बजावलं, परगावच्या मुलालाही फोनवर बजावलं — मध्ये कुणी बोलायचं नाही. कॉम्प्युटर बरोबर घ्यायचा. उत्तर त्यांनीच द्यायचं.