टाकी काठोकाठ, काटा शून्यावर

शनिवार, १० मे

झालं! पुढच्या रविवारी नातीचा बाप्तिस्मा, आणि आजच गाडी रुसली. डिझेलचा धूर साफ करायला ते युरियाचं पाणी लागतं ना, ते म्हणे संपत आलंय. पडद्यावर लाल अक्षरं — ९५० किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही. नवऱ्याचा, ऑयगेनचा, पारा चढला. ‘संपेल कसं? काठोकाठ आहे!’ झाकण उघडून मला दाखवलं. खरंच काठोकाठ.

लेकीचं गाव हुसुम इथून नऊशे किलोमीटरच्या घरात. म्हणजे लेकीकडे पोचू, परत येणं नाही!

सोमवार, १२ मे

गॅरेजवाला म्हणाला, टाकीतला सेन्सर गेलाय, अख्खी टाकी बदलावी लागेल, जूनमध्ये या. जूनमध्ये काय, बाप्तिस्म्याचे फोटो बघायला जाऊ?

रेल्वेने जाऊ म्हटलं. नवरोजी म्हणाले, ‘रेल्वेने? मग नातीच्या लग्नालाच पोचू!’

अल्मुटने त्या समुद्राकाठच्या मोमेशी लग्न केलं, तेव्हापासून हा माणूस तिकडे एकदाच गेलाय — त्या लग्नाला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत. ‘परक्या गादीवर पाठ दुखते.’ पाठ कसली! लेक इतकी लांब गेली, ते दुखतं. जावई दिवसाला चार शब्द बोलतो, याला तेही जास्त होतात. नातीला, विब्केला, अजून फोनवरच पाहिलंय त्याने. आता गाडीचं निमित्त करून घरी बसला, तर मी माफ करणार नाही. मुळीच नाही.

मंगळवार, १३ मे

ऑयगेनने बॅटरीची तार काढून परत लावली. काटा शून्यावरच. गाडीतलं घड्याळ मात्र बिघडलं.

बुधवार, १४ मे

अल्मुटचा फोन. मी सगळं रडगाणं गायलं. मागून मोमेचा आवाज — ‘ओततात कसं?’

कसं म्हणजे? दर शनिवारी गाडी धुऊन झाली की ऑयगेन मुरंब्याच्या बरणीने एक बरणी ओततो. आम्हा दक्षिणेकडच्या श्वाबेन लोकांना काही अर्धं रिकामं बघवतच नाही!

‘तिथंच चुकतं,’ मोमे म्हणाला. ‘थोडंथोडं ओतलेलं गाडीला कळत नाही. ती मागच्या मोठ्या भरण्यापासून हिशेब धरून बसते. निम्मं काढा, एक चक्कर मारा. मग चावी फिरवा, इंजिन बंदच ठेवा, आणि एका दमात ओता. आमचंही असंच झालं होतं.’ एवढं बोलला! अल्मुटसुद्धा चाट पडली.

म्हणजे थेंबे थेंबे तळं साचलं, पण गाडीला ते दिसलंच नाही!

ऑयगेन फणकारला, ‘तो बासरी शिकवतो. त्याला गाडीतलं काय कळतं?’

‘त्याची गाडी चालते,’ मी म्हटलं.

गुरुवार, १५ मे

दुपारी ऑयगेन सफरचंदाच्या दारूच्या पिपाची नळी घेऊन बाहेर गेला. नळी तोंडाने ओढली — शी! थुंकत थुंकत अंगणभर नाचला. शेजारीण इर्मट्राउट कुंपणावरून म्हणाली, ‘काय रे ऑयगेन, यंदाची आंबट झाली का?’ मी हसून हसून बेजार.

निम्मं काढलं. चर्चच्या उतारापर्यंत चक्कर मारून आलो. मी चावी फिरवून बसले, त्याने डबा पालथा केला. काही नाही. वाट बघितली... आणि लाल अक्षरं गेली! काटा वर!

‘मी तेच म्हणत होतो,’ ऑयगेन म्हणाला. पडलो तरी नाक वर!

शनिवार, १७ मे

पोचलो. वाटेसाठी केलेले लोणी लावलेले ब्रेझल पाव सगळे त्यानेच संपवले. अल्मुटने वरची खोली आवरून ठेवलीय, फुलंसुद्धा ठेवलीत. ‘पपा, या वेळी आठवडाभर राहा ना.’ तर हा म्हणतो, ‘सोमवारी सकाळी निघायचंय.’ बॅगसुद्धा उघडू दिली नाही! पोरीचा चेहरा एवढासा झाला. असा राग आला मला!

रविवार, १८ मे

विब्के पाण्याला रडली नाही, उलट पास्टरबाईंचा चष्मा ओढला. जेवणानंतर ऑयगेनच्या खांद्यावर झोपली. केक आला, संपला. कॉफी गार झाली. हा जागचा हलला नाही. मोमे शेजारी बसून होता. दोघं गप्प, पण बरे गप्प होते.

सोमवार, १९ मे

सकाळी बॅग दारात ठेवली. ऑयगेन गाडीकडून आला, तोंड पाडून. ‘रोझी, काटा पुन्हा शून्यावर. आठवडाभर तरी निघणं नाही.’ मोमेने मान हलवली, ‘वाईट झालं,’ म्हणाला, आणि बाळ त्याच्या हातात दिलं.

मग शाल आणायला मी गाडीत गेले. चावी फिरवून पाहिली. काटा वरच! गुपचूप आत आले, आणि बॅग उचलून वरच्या खोलीत नेऊन ठेवली.