तेलाच्या वाळूवरची रेघ

बाबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, पण तुमचा राग अजून माझ्याच घरी मुक्कामाला आहे. परवा धाकट्याचा नागपूरहून फोन आला. तिथल्या गोल्फच्या मैदानावर तो तुमच्या नावाचा चषक ठेवतो आहे, स्मरणिका छापतो आहे, आणि तुमची ती लांब फटक्याची लाकडी डोक्याची काठी, तो ड्रायव्हर, त्याने काचेच्या पेटीत बसवून घेतला आहे. म्हणाला, "ताई, दोन पानं लिहून दे. लांबचा फटका मोठा की जवळचा खेळ मोठा, यावर बाबांचं काय म्हणणं होतं ते. अन् त्या बेइमान फिटरले बाबांनी कसा धडा शिकवला तो किस्सा टाक. लोक हसतीन." मी विचारलं, तुला रे काय ठाऊक तो किस्सा? "बाबा सांगत ना नेहमी. मी चार वर्षांचा होतो तेव्हा. पाहणारी आता तूच एक उरली." मी फोन आदळला. हल्लीचे फोन धड आदळताही येत नाहीत, गादीवर पडून तो बोलतच राहिला.

तर किस्सा. दिग्रसच्या जिनिंग फॅक्टरीचे तुम्ही मॅनेजर, आणि मागचं मैदान तुमचं राज्य. हंगामात तिथे कापसाच्या गंज्या लागायच्या. उन्हाळ्यात जिन बंद पडली की मैदान मोकळं, आणि तुम्ही तिथे तीन होल खणून घेतले होते. मे महिन्यात तिथे हिरवळ कुठून येणार? म्हणून भोकाभोवती नदीची वाळू पसरून तिच्यात इंजिनाचं जळकं तेल मुरवायचं, रोलर फिरवायचा. त्याला तुम्ही ब्राऊन म्हणायचात. चेंडू भोकाकडे ढकलण्याआधी लाकडी पट्टीला बांधलेलं पोतं चेंडूपासून भोकापर्यंत ओढायचं, म्हणजे पावलांचे ठसे मिटतात. पोतं एकदाच ओढायचं आणि आपलं आपण ओढायचं, हा तुमचा नियम. तुमच्या सगळ्या नियमांप्रमाणे हाही दुसऱ्यांसाठी जास्त होता.

तुमचं म्हणणं काय होतं ते मला नीट आठवतं. लांब मारता आलं पाहिजे, पुढचं सगळं बायकी काम. तुम्ही चेंडू मारत नव्हतात, त्याच्याशी जुनं वैर असल्यासारखे त्याच्यावर तुटून पडायचात. एकदा गंजीखालून धामण निघाली. बिनविषारी, आपल्या वाटेने चाललेली. तुम्ही त्याच ड्रायव्हरने तिचं डोकं जमिनीत रुतेपर्यंत ठेचलंत, पंच्याला दांडा पुसलात आणि पुढचा फटका मारलात. चांगला गेला तो, सरळ. आणि स्वयंपाकघरात आईवर हात उचलायचात तेव्हाही खांदा तसाच मागे जायचा, कंबर तशीच फिरायची. त्या एका बाबतीत तुमची शैली निर्दोष होती. लिहू का हे स्मरणिकेत?

फिटरना मी चाचा म्हणायची. जिनच्या सगळ्या यंत्रांची नाडी त्यांना कळायची. तुम्ही खेळायला जोडीदार हवा म्हणून त्यांना उभं केलंत, आणि त्यांनी मोडक्या यंत्राच्या लोखंडी पट्टीचा एक पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायची काठी, घडवला, माझ्या उंचीचा दुसरा. मी यवतमाळच्या कॉन्व्हेंटातून सुट्टीवर आले की ते मला ब्राऊनवर घेऊन बसायचे. "बेटी, मारू नको त्याले. झोपव. लेकरू झोपवते ना माय, तसं." तुम्हाला ते म्हणायचे, "साहेब, दोनशे कदम मारा, एक मोजते. दोन कदम सरकवा, तेबी एकच मोजते. मंग एवढा जोर कायले लावून राह्यले?" तुम्ही हसायचात. पण तुमचे कान लाल व्हायचे, आणि ते मला दिसायचे.

किश्श्यातल्या त्या दिवसाच्या आदल्या दिवशी मी तुमच्यासमोर चेंडू लांब न मारता जवळ टाकला होता. तुम्ही माझ्या हातातला चाचांचा पटर घेतला आणि माझ्या पोटरीवर मारलात. दोनदा. "माझी पोरगी अन् म्हाताऱ्यासारखी सरकवते!" मी तेरा वर्षांची होते. कॉन्व्हेंटात सिस्टर एका गालाबद्दल आणि दुसऱ्या गालाबद्दल बरंच सांगायच्या. पोटरीबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं. मी रडले नाही. तुम्ही हरावं असं मला वाटलं, सगळ्यांसमोर, आणि ते इतकं वाटलं की जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमरखेड आणि ढाणकीचे दोन कापूस व्यापारी आलेले आहेत. ऊन चढायच्या आत तुम्ही त्यांना खेळ दाखवता आहात, तुमच्याविरुद्ध चाचा. शेवटच्या होलपर्यंत दोघे बरोबरीत, कमी फटके त्याची जीत. तुम्ही जीव खाऊन मारता, चेंडू ब्राऊनवरून पार बाभळीत जातो, आणि तुम्ही काट्यात शिरून शिव्या देत तो शोधता. तिथून कसाबसा बाहेर काढता, तो भोकाला चाटून थांबतो. व्यापारी तुमच्याकडे वळून वाहवा करतात. तुम्ही अजून बाभळीजवळच, धोतरातले काटे काढत. चाचांचा चेंडू भोकापासून आठ हात. तो एका ढकलण्यात गेला तर ते जिंकले. ते हाताचा घाम पुसायला वळतात आणि मी पोतं उचलते.

"ठेव बेटी, आपलं आपुन ओढा लागते." तोवर मी ओढलं होतं. नुसतं ओढलं नव्हतं. पट्टीची कड पायाने दाबत नेली होती, चेंडूपासून भोकापर्यंत बोटभर रुंद, उथळ पन्हळ पडेल अशी. आंधळ्याने सोडला तरी चेंडू आत गेला असता. चाचांनी ती रेघ पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्यांदा ओढायची सोय नव्हती. त्यांनी काय केलं सांगू? ते दोन पावलं बाजूला सरकले आणि रेघ सोडून, वळण धरून, बाहेरून चेंडू सोडला. तो माझ्या रेघेपासून वीतभर लांबून गेला, शेवटी हळूच आत वळला आणि भोकात पडला. तेलाच्या वाळूवर चेंडूचा माग उमटतो, बाबा. तो माग तिथे होता. रेघ एकीकडे, माग दुसरीकडे. मी पाहिला.

तुम्ही आलात ते त्या मागावरूनच. तुमच्या बुटांनी तो पुसला. रेघ तेवढी राहिली. व्यापाऱ्यांपैकी एक म्हणाला, "साहेब, तुमचा फिटर तं तुमच्यावर भारी पडला!" तुम्ही खाली पाहिलंत. "हे कोणी ओढलं?" ड्रायव्हर तुमच्या हातात होता आणि खांदा मागे जायला लागला होता. तो खांदा मी ओळखत होते.

मी म्हटलं, "चाचांनी."

पहिला फटका मनगटावर. सुकी तुराटी मोडावी तसा आवाज झाला. दुसरा खांद्यावर, तिसरा ते खाली बसले होते तेव्हा पाठीवर. हसणारा व्यापारी तोंड उघडं टाकून उभा होता, दुसरा चपला शोधत होता. "मी नाही, पोरीनं ओढलं," एवढं म्हणायला किती वेळ लागतो? चाचा ते म्हणाले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही, कारण बघितलं असतं तर तुम्हाला कळलं असतं.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारात आईने त्यांच्या हाताला जळणाच्या दोन काटक्या लावून लुगड्याची पट्टी बांधली. मनगट भलतीकडेच वळलं होतं. ते आईला म्हणाले, "वहिनी, कोनी इचारलं तं पडलो म्हना." आईने माझ्या पायावरचे वळ पाहिले, त्यांचा हात पाहिला, आणि चुलीतलं लाकूड एवढ्या जोराने आत सारलं की ठिणग्या तिच्या हातावर उडाल्या. आणि तुम्ही मला बाहेर बोलावलंत. तुमच्या डब्यातला नवाकोरा पांढरा चेंडू माझ्या हातात ठेवलात. "खरं बोललीस म्हणून."

चाचांना तुम्ही काढून टाकलंत आणि गावभर बेइमान म्हणून सांगितलंत. तो उजवा हात पुन्हा नीट वळला नाही. बस स्टँडजवळ त्यांनी सायकलींचं दुकान टाकलं, डाव्या हाताने पान्हा फिरवायचे. शिक्षिका झाल्यावर एकदा पंक्चर काढायला मला तिथेच थांबावं लागलं. ट्यूब पाण्यात बुडवत ते म्हणाले, "हात हलका होता तुझा बेटी. खेळ सोडला काहून?" मी म्हटलं, वेळ होत नाही. बुडबुडा कुठून येतो ते दोघेही बघत राहिलो. मग ते गेले. तुमच्या आधी गेले, बेइमान म्हणूनच गेले.

आता ऐका, लांब की जवळ. तुमचा फटका सगळ्यांना दिसायचा, त्याचा आवाज व्हायचा, लोक दचकायचे. पण चाचांचं मनगट त्या फटक्याने नंतर मोडलं, आधी माझ्या एका शब्दाने मोडलं, आणि तो मी एवढ्या हळू सोडला होता की कोणाला ऐकूही नीट आला नसेल. पुढे मी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका झाले. छडीला मी कधी हात लावला नाही, त्याचा मला केवढा अभिमान. मी फूटपट्टी वापरायची. बोटांच्या पेरांवर, जवळून, आवाज न करता. तुमच्या खेळाला मी आयुष्यभर रानटी म्हणत आले आणि माझा खेळ नेमका कुठला, हे विचारायला कोणी नव्हतं. कॉन्व्हेंटात पाप सांगायची एक लाकडी खोली होती. आम्हा हिंदू मुलींना तिथे मनाई. सिस्टरांनी दार जरा उघडं ठेवलं असतं तर कदाचित हे पत्र पन्नास वर्षांपूर्वीच संपलं असतं.

धाकट्याला दोन पानं पाठवली. धामण, आई, मनगट, तिन्ही फटके, सगळं. काल त्याचा फोन आला. रडवेला झाला होता. "ताई, मेलेल्या माणसाले कायले मारून राह्यली?" मी म्हटलं, "जिवंत होते तेव्हा माझा हात पोचत नव्हता." फार टाळ्यांचं वाक्य. फोन ठेवल्यावर मी चहा केला आणि मग तो पिववेना. कारण त्या दोन पानांत पोतं नाही, बाबा. रेघही नाही, मागही नाही. तुम्ही क्रूर होतात हे मी छापायला दिलं. चाचा बेइमान नव्हते हे सिद्ध करायला माझं नाव लागतं, आणि ते मी दिलेलं नाही. तिसरं पान लिहिलं आहे. इथे टेबलावर आहे, त्यावर तो पांढरा चेंडू ठेवला आहे, पंख्याने उडू नये म्हणून. आता पिवळा पडला आहे.

आणि एक. त्या दुपारी तो मुठीत धरून मी झोपले होते. मला गाढ झोप लागली होती.