सुजाताचे लंगोट

९ नोव्हेंबर, कारधा
पाकिटातले डायपर बंद. आजपासून. दीड महिन्याच्या सुजाताच्या मांड्यांवर पुन्हा लाल पुरळ, हात लावला की किंचाळते. जुन्या सुती साड्या काढल्या, पांढरा परकर फाडला. आधी चौकोन, मग त्रिकोण, मग गाठ. शाळेत पोरांना कागदाच्या घड्या शिकवते, ही एक घडी जमेना.
वाटलं, आई तरी खूश होतील. सासूबाईच त्या, जुन्या वळणाच्या. तर उलटंच. "चार लेकरायचे धुतले म्या, नदीवर नेऊन. हात फुटले माहे. तुले कायची हौस आली वो? दुकानात भेटते ना पाकीट!"
मिलिंद विजेच्या लाईनवरून आले, पट्टा सोडता सोडता म्हणाले, "आई बरोबर बोलून राहिली."
मी म्हटलं, पोरीच्या मांड्या बघा आधी. बघितल्या. मग गप्प.

१५ नोव्हेंबर
डाग. हळद लागल्यासारखे. लघवीचेच. निघत नाहीत. साबण बदलला, कोमट पाण्यात भिजवले, दिवसभर उन्हात टाकले. तसेच. आई म्हणतात नळाचं पाणी गढूळ. मिलिंदचं एकच, "म्हणूनच पाकीट म्हणतो मी. पाहायचं काम नाही, धुवायचं काम नाही."
शीचे मात्र डाग पडत नाहीत. पांढरट, ओल्या पिठासारखी. पटकन धुतली जाते. तेवढंच बरं.
सुजाताचे डोळे अजून पिवळे. दवाखान्यात म्हणाले होते, अंगावरच्या दुधाची कावीळ, जाईल, कोवळं ऊन दाखवा. दाखवते रोज. धान काढणं चालू आहे, गच्चीवर भुसा उडून येतो. पदराआड धरून बसते तिला.

१८ नोव्हेंबर
शेजारच्या रंजनाचा मुलगा सुजाताच्याच वेळचा. तीही लंगोटच वापरते. तिची कपड्यांची दोरी आमच्या गच्चीवरून दिसते. आज कपडे काढताना हात थांबला. तिचे लंगोट पांढरे. शीचे डाग आहेत, पण बाकी पांढरे. आमचे सगळे पिवळे. नळ एकच. साबणही आता तिचाच, मीच मागून आणलेला.
भिंतीवरून विचारलं, "रंजना, तुझ्या बाळाची लघवी कशी असते?"
हसली. "कशी म्हंजे? पाण्यासारखी."
"आणि शी?"
"मोहरी वाटल्यासारखी. काहून वो ताई?"
काही नाही म्हटलं. खाली आले. एक ओला आणि एक शीचा, दोन लंगोट पिशवीत बांधून ठेवले. घरात कोणाला बोलले नाही.

१९ नोव्हेंबर
भंडारा. दुसऱ्या डॉक्टरांकडे. मी पिशवी काढली तशी मिलिंद कानात म्हणाले, "डॉक्टरसमोर हे काय काढून राहिली?" डॉक्टरांनी लंगोट हातात घेऊन खिडकीपाशी नेला. बराच वेळ पाहत राहिले.
"शी अशी कधीपासून?"
सांगता आलं नाही. पाकिटाच्या डायपरात कोण पाहतं? गुंडाळला, टाकला. जन्मापासूनही असेल.
"नागपूरला न्या. उद्या नाही, आजच."
नदीवरचा पूल ओलांडून कारध्याला घरीसुद्धा गेलो नाही. आईंना फोनवरच सांगितलं. त्या नुसत्या "बापा, बापा" म्हणत होत्या.

२४ नोव्हेंबर, नागपूर
यकृतातलं पित्त आतड्यात उतरतच नाही. वाटच बंद. म्हणून शी पांढरी. ते पित्त अंगात साचतं, लघवीत उतरतं, म्हणून डाग. इथल्या डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. आतडं वर ओढून यकृताला जोडणार. जमलं तर जमलं.
"थोडं आधी आला असता तर..." म्हणाल्या त्या.
मिलिंद बाहेर गेले. आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

२ डिसेंबर
ऑपरेशन झालं. एवढ्याशा पोटावर एवढी मोठी चीर.
वॉर्डात लंगोट चालत नाहीत, डायपरच. प्रत्येक डायपर उघडून बघते. पांढरं. पांढरं. सिस्टर म्हणाल्या, घाई करू नका ताई, आतडी आत्ता कुठे जागी होताहेत.

९ डिसेंबर
पिवळी! फिकी, पण पिवळी. मिलिंदनी तिथूनच फोन लावला, मोठ्यानं, "आई, पोरगी पिवळी हागली वो!" अख्खा वॉर्ड हसला. शेजारच्या खाटेवरची बाई रडायलाच लागली, तिच्या मुलाचंही हेच.
मीही हसले. गाल दुखले.

२८ डिसेंबर, कारधा
घरी. पुन्हा लंगोट, आता मॅडमच्या सांगण्यावरून. पांढऱ्या कापडावर रंग नीट कळतो म्हणाल्या. आई भंडाऱ्याहून नवं मांजरपाट घेऊन आल्या, स्वतः फाडलं, स्वतः कडा शिवल्या. नदीवरच्या धुण्याचं आता काढत नाहीत.
रोज सकाळी तिघं लंगोटाभोवती जमतो. देवळात पण इतकं वाकून कोणी बघत नसेल.

११ जानेवारी
आई म्हणतात पिवळं. मी म्हणते फिकं. मिलिंदनी मोबाईलचा उजेड पाडून पाहिलं, गाडी काढली आणि ड्यूटीवर गेले.

१९ जानेवारी
ताप. शी पांढरी, पहिल्यासारखी. नागपूर. पुन्हा तेच सलाईन, तोच वॉर्ड. शेजारच्या खाटेवर आता दुसरं बाळ आहे. आधीच्या त्या बाईचं विचारलं नाही मी. भीती वाटली.

३ फेब्रुवारी
जोडलेलं चालत नाही. आता दुसरं यकृतच. माझ्यातला तुकडा देता येईल, रक्तगट जुळतो. हे ऐकून उठूनच उभी राहिले, आज घ्या म्हटलं. मॅडमनी खाली बसवलं. आधी ताप थांबला पाहिजे, वजन वाढलं पाहिजे. वजन वाढत नाही. पोट तेवढं वाढतं, हातपाय काड्या.
"वाढेल ना मॅडम?"
"बघू."
आज चित्र काढलं नाही त्यांनी.

१० फेब्रुवारी, कारधा
ताप उतरला, वजन वाढेपर्यंत घरी पाठवलंय. मिलिंद डायपरचं पाकीट घेऊन आले. फळीवर ठेवलं.
"लंगोट बंद कर आता, वैशाली."
मी पुरळाचं काढलं.
"पुरळाचं नाही बोलून राहिलो मी. रोज सकाळी पाहतेस अन् मग दिवसभर जेवत नाहीस. आई जेवत नाही. कायले पाहायचं? पाहून का रंग बदलते?"
मी हातातल्या लंगोटाची घडी घालत राहिले.
आई चुलीपाशी होत्या. हळूच म्हणाल्या, "लाव बाई. मी पयलेच म्हनलं होतं." टोमणा नव्हता तो.

११ फेब्रुवारी
लावला. गुंडाळून टाकताना मान फिरवली. घर शांत. तिघंही जेवलो, वांग्याची भाजी चांगली झाली होती. मिलिंदनी रेडिओ लावला.
संध्याकाळी पाजायला घेतलं तेव्हा ध्यानात आलं, आज दिवसभर तिच्या तोंडाकडेही नीट पाहिलं नाही मी. डायपरच नाही, पोरगीच नजरेआड केली.

१२ फेब्रुवारी
लंगोट. मिलिंदनी पाहिलं. डबा न घेता गेले.

१७ फेब्रुवारी
वजन तसंच. नागपूरला फोन केला, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. रंजनाचा मुलगा आज पालथा पडला. तिनं मला सांगितलं नाही, आईंकडून कळलं. सुजाता माझा आवाज आला की मान वळवते. पिवळ्या डोळ्यांनी हसते. एवढं ती करते.

२१ फेब्रुवारी
अंगात कणकण होती, सकाळी उठवलंच नाही. मिलिंद म्हणाले, झोप तू, मी बदलतो. कधी बदललेला नाही त्यांनी. आत खुडबूड, सुजाताचं रडणं, मग गप्प. लंगोट घेऊन मोरीकडे जाणारी त्यांची पावलं ऐकली.
बराच वेळ झाला. बादलीचा आवाज नाही. उठून गेले. मोरीच्या काठावर उकिडवे बसले होते, लंगोट दोन्ही हातांवर पसरलेला, अजून धुतला नव्हता. लाईनवर तारा ओढणारे ते हात. मला पाहिलं आणि लंगोट माझ्यापुढे धरला.
"पाय बरं. मले आज थोडं पिवळं वाटून राहिलं."
मी दाराच्या उजेडात नेला. अलीकडून पाहिलं, पलीकडून पाहिलं.
पांढरं.
त्यांची नजर माझ्या तोंडावर. आईही मागे येऊन उभ्या होत्या.
"इथं उजेड नाही," मी म्हटलं, "गच्चीवर नेऊन पाहू."
"चाल," म्हणाले, आणि आतून सुजाताला उचलून माझ्या पुढे जिना चढले.