एकच हरकत

३ मार्च
सात पोती आली! शिवणकामावर नवा कर बसणार – छोटी दुकानं त्यात बसलीच म्हणून समजा – तर सरकारने म्हणे 'जनतेच्या हरकती' मागवल्या. आणि जनता खरंच लिहीत बसली. भाबडी कुठली! वाचणार कोण? तळघरातला हा कारकून. बावीस वर्षं हेच – पाकीट फोडा, वाचा, 'नोंद घेतली' शिक्का मारा, पोतं माळ्यावर. वर कोणी ऐकत नाही.

४ मार्च
मजा म्हणजे सगळी पत्रं सारखी! शिंप्यांच्या संघटनेने नमुना छापून दिला, लोकांनी खाली सह्या ठोकल्या. आमचा नियम – मजकूर सारखा, तर हरकत एकच धरायची. सात पोत्यांची वहीत एक ओळ. लोकशाही किती आटोपशीर!

तिसऱ्या पोत्यात बायकोचं पत्र. सहीखाली स्वतःच्या अक्षरात – 'दुकान बंद करून दिवसभर नवऱ्याचं तोंड बघत बसू का?' शिक्का मारला. 

६ मार्च
मोर्चा. गळ्यात टेपा अडकवून सगळे फाटकाशी. साहेबांनी खिडक्या लावून घेतल्या – ऊन येतं म्हणे! सगळ्यात पुढे आमच्या सौ. घरात "अहो, डबा" म्हणणारी बाई, काय तो आवाज!

घरी आल्यावर म्हणाली, "तुम्ही नुसते टोमणे मारा. एकतरी माणूस ऐकेलच की."
"हो, कान साफ करूनच बसलेत," मी म्हटलं.

७ मार्च
हाताला काम नव्हतं, म्हणून सह्यांखालचं वाचत बसलो. नियमाने ते धरायचं नसतं. 'गणवेश शिवून दोन्ही मुलींना शिकवलं.' 'साठी उलटली, आता दुसरं काय शिकू?' एकीचं दुसरीसारखं नाही. डबा तसाच परत आणला. ही एक हरकत कशी? कोणी विचारलं तर तोंडावर सांगेन. विचारतंय कोण म्हणा!

१० मार्च
विचारलं! सचिवबाई स्वतः तळघरात उतरल्या. उठताना माझी खुर्ची आडवी.

"बैठकीला चाललेय. पत्रं तुम्ही वाचलीत ना? किती विरोध आहे लोकांचा?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा! पोती समोर.  आणि तोंडातून आपोआप – "हरकत एकच आहे, मॅडम."

"एकच? नक्की?"

"नियमाप्रमाणे… एकच."

त्यांनी लिहून घेतलं. "बरं झालं विचारलं. मी कर थांबवायला सांगणार होते." गेल्या.

मागे धावायला हवं होतं. दोन जिने फक्त! नाही धावलो. लाज वाटते स्वतःची.

१२ मार्च
कर लागू. 'केवळ एकच हरकत आल्याने.' बायकोने बातमी दोनदा वाचली. टेप गुंडाळून खणात ठेवली. "अहो, मोजलं कोणी हे?"

वर कोणी ऐकत नाही, म्हणत होतो. ऐकलं की. शब्दन् शब्द!