हातातली फाईल

ती. ताईस,

धाकट्याचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला आणि राग दोन्ही उतारावर असतील अशी आशा आहे (विशेषतः राग). तुझ्या लंबूच्या पदवी प्रमाणपत्राचं तू तीनदा विचारलंस. ते पंधरा तारखेच्या आत दाखवलं नाही तर पोराची कारखान्यातली नोकरी हातची जाणार, हे माझ्या पक्कं ध्यानात आहे. त्याकडे वळतोच, पण आधी ऐक: तुझा भाऊ सिनेमात आलाय!

आमच्या विद्यापीठातल्या पोरांनी विद्यापीठाचीच टर उडवणारा एक छोटा प्रायोगिक चित्रपट काढलाय. प्रायोगिक म्हणजे काय, हे बघायच्या आधी मला कळत नव्हतं आणि बघितल्यावर तर मुळीच कळेना. पण काय डोकं गं एकेकाचं! एक प्राध्यापक रिकाम्या खुर्च्यांना शिकवतात, त्यांची हजेरी घेतात, आणि शेवटी सगळ्या खुर्च्या पहिल्या वर्गात पास होतात. (खरंच झालं असतं तर आमच्याकडे कुणाच्या लक्षातही आलं नसतं.) त्यानंतर मी. शिपायाच्या वेषात शिपाई! कुलसचिव साहेबांच्या बंद दाराशी फाईल घेऊन नुसता उभा, तब्बल सहा मिनिटं. दिग्दर्शिका वीतभर पोरगी, पण हुकूम असा की, काका, आभाळ कोसळलं तरी हलायचं नाही. नाकावर माशी बसली, हललो नाही. चहा आला नि गेला, तरी नाही. तेवीस वर्षं जे अंगात मुरलंय त्याला कुणीतरी कला म्हटलं, मला अगदी भरून आलं.

परवा चित्रपट दाखवला तेव्हा सभागृहात सगळे श्वास रोखून बघत होते. मग टाळ्या थांबेनात. खुद्द साहेब डोळे पुसत म्हणाले, फाईल जागची हलतच नाही, काय कमाल दाखवलीय!

तुझा,
धाकटा (आता नटसुद्धा)

ता. क. – फाईल लंबूचीच होती. दिग्दर्शिकेला खरीखुरी हवी होती, म्हणून सहीला निघालेली तीच हातात धरली. साहेब तेव्हा आतच होते, एकटे, रिकामे. दार ढकललं असतं तर सही झाली असती. पण हलायचं नव्हतं ना गं.

ता. क. २ – फाईल आता चित्रपटासोबत परगावी स्पर्धेला गेलीय. लंबूला नवा अर्ज घेऊन उद्याच पाठव. या वेळी मी स्वतः दार ढकलतो, तुझी शपथ. दाजींना मात्र यातलं काही सांगू नकोस. आणि पोराला इस्त्रीचा शर्ट घालून पाठव. दुसऱ्या भागात बाकावर ताटकळत बसणारा विद्यार्थी हवाय, आणि मी शब्द देऊन बसलोय.