अळ्या अजून खातायत

२२ जानेवारी
रेशमाच्या अळ्यांनी चौथी कात टाकली! सकाळी तुतीच्या फांद्या टाकल्या आणि शेडभर चरचर सुरू. आता शेवटचे सात-आठ दिवस. आयुष्यभराचं खाणं त्या ह्याच दिवसांत उरकतात. पाला पोटात जिरतो, त्याचंच अंग वाढतं आणि आत रेशीम साठतं. मग कोष.

मामा, म्हणजे माझे सासरे, दारातून डोकावले. नाकाला उपरणं. ‘एकच बॅच हां, सूनबाई. न्हाई जमलं तर तुती उपटायची न् ऊस लावायचा.’ बरं! एक तर एक. जमली की आदिनाथ सुप्याची कंपनी सोडून घरी येणार, तसं ठरलंय आमचं. नवरा आठवड्यातून एकदा दिसतो, ह्याला काय संसार म्हणायचं?

२४ जानेवारी
पाल्यावर वाढीचं औषध फवारलं. एकदाच द्यायचं, मोजून. अळीचं पोरवय एखादा दिवस लांबतं, ती जास्त खाते, कोष जड होतो. सासूबाई बघत होत्या. ‘ह्यानं तुजी तुती ऱ्हाईल का गं?’ म्हटलं, राहील की, आत्या! बी.एस्सी. झूलॉजी काय उगाच केलंय?

२९ जानेवारी
आठवा दिवस. आज अळ्यांनी खाणं सोडायला हवं होतं. अंग पिवळसर, काचेसारखं व्हायला हवं, डोकं वर काढून जागा शोधायला हवी. एकीनंही नाही. कोष विणायला चंद्रिका, म्हणजे जाळ्या, मांडून ठेवल्यात, रिकाम्याच आहेत.

३० जानेवारी
खातायत.

१ फेब्रुवारी
माझ्या बोटापेक्षा जाड झाल्यात. पांढऱ्याफटक. हात लावायला नको वाटतं. पाला दोन दिवसांचाच उरलाय.

मामा म्हणाले, ‘आता काय म्हशी व्हत्यात का ह्या?’ मला हसू आलं नाही. अळीला थांबायचं कळलं तरच ती कोष विणते. ह्यांना थांबायचंच कळेना! सगळं खाल्लेलं अंगावर चढतंय, धागा एक नाही. शेडमध्ये जायची भीती वाटते. तो आवाज घरातही ऐकू येतोय असं वाटतं.

२ फेब्रुवारी
रेशीम कार्यालयातल्या साहेबांना फोन केला. पहिलाच प्रश्न — ‘शेजारी कुणी फवारणी केली का? काही औषधांनी असं होतं.’

केली की! बांधापलीकडच्या गहिनीनाथभाऊजींनी गेल्या आठवड्यात कांदा फवारला. वारं आमच्याच तुतीकडं होतं. मी तशीच पळत जाऊन मामांना सांगितलं. भाऊजींचा कांदा आमच्याच विहिरीच्या पाण्यावर आहे. मामांचा चेहरा बघवेना.

खोटं कशाला लिहू, मला हायसं वाटलं. दोष माझा नव्हता.

४ फेब्रुवारी
निम्म्या अळ्या काळ्या पडून मेल्या. उरलेल्या मरतायत. आत्या आणि मी पाट्या भरभरून खड्ड्यात ओतत होतो. आत्या मध्येच खाली बसल्या.

‘रुपाली, त्या बाटलीतलं मीबी टाकलं गं. तू फवारलं त्याच्या दुसऱ्या दिशी. उरलं हुतं त्ये समदं. तुज्या हातनं कमी पडलं असंल, असं वाटलं मला. तुती ऱ्हावी म्हून केलं.’

म्हणजे गहिनीभाऊजींनी काही केलंच नाही! अख्खी बाटली. त्या अळ्यांना आम्हीच मोठं होऊ दिलं नाही.

‘ह्यांना सांगू नको,’ म्हणाल्या. रडत होत्या. मी पाटी उचलली.

५ फेब्रुवारी
सकाळी मामांनी गहिनीभाऊजींचं पाणी तोडलं. ते बांधावर हात जोडून उभे. ‘दादा, लिंबोळीचा अर्क मारलाय वो मी! कांदा पोसायचाय अजून, जळून जाईल!’ मामांनी मागं वळूनही पाहिलं नाही. घरी येऊन मला म्हणाले, ‘तुजा काय दोष न्हाई पोरी. तुती ऱ्हाऊ दे. दुसरी बॅच आन.’

आत्या माझ्याकडं बघत होत्या. मी ‘बरं’ म्हणाले.